यंत्राची सोबत

‘सोबत’ हा मराठींतला एक साधा शब्द आहे. परंतु त्याचा अर्थ सांगूं गेल्यास दुसरा शब्द पुरत नाहीं. घरचा कर्ता पुरुष चार दिवस परगांवीं गेला म्हणजे शेजारची एखादी म्हातारी आपली वळकटी काखोटीला मारून ‘सोबतीला’ निजावयास येई. ती पहारा करीत नसे. बहुधा सर्वांच्या आधीं तिलाच झोंप लागे. तिनें कांहीं शहाणपणाचें सांगावें अशीहि कोणाची अपेक्षा नसे. घरांत दुसरें माणूस आहे, अपरात्रीं त्याच्या खोकल्याचा आवाज ऐकूं येतो, एवढ्यावर काम भागे. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतील जुन्या घरांना ही चाल नवी वाटण्याचें कारण नाहीं.

आतां त्याच प्रकारच्या घरांना सोबत देण्यासाठीं यंत्र पुढें आलें आहे. तें ऐकतें, बोलतें, माणसाचें नांव लक्षांत ठेवतें, काल अर्धी राहिलेली गोष्ट आज पुढें काढतें. आणि त्याचे कर्ते असें सांगतात कीं, सहवासानें त्याचा स्वभावहि घडत जातो. हें ऐकून हसण्याचे दिवस मात्र गेले आहेत. अमेरिकेंतील न्यूयॉर्क राज्याच्या वृद्धकल्याण खात्यानें २०२२ सालीं एकट्या राहणाऱ्या वृद्धांना ‘एलिक्यू’ नांवाचीं अशीं ८०० हून अधिक यंत्रें देण्याची योजना जाहीर केली. इस्राएलमधील एका कंपनीनें तें बनविलें आहे. दिसावयास तें टेबलावरच्या दिव्यासारखें आहे. त्याला हात नाहींत, पाय नाहींत. पण तें बोलाविल्यावांचूनहि आपण होऊन बोलणें काढतें, हा त्याचा विशेष. आपल्याकडे मुंबईंतहि आयआयटीच्या तीन माजी विद्यार्थ्यांनीं, स्नेह वासवानी, प्रशांत अय्यंगार आणि चिंतन रायकर यांनीं, २०१५ सालीं एक कंपनी काढली आणि तिचा ‘मिको’ नांवाचा चिमुकला यंत्रमानव आज अनेक देशांतील मुलांशीं गप्पा मारीत आहे. म्हणजे वृद्ध आणि बालक, घरांतील हीं दोन टोकें यंत्राच्या कर्त्यांनीं प्रथम हेरलीं. मधल्या वयाच्या माणसाला वेळ नसतो, म्हणून तर या दोघांना सोबत हवी असते.

बारामती पुण्याहून सुमारें १०० किलोमीटर. इंदापूर त्याहून पुढें, सोलापूरच्या रस्त्यावर. नीरेच्या कालव्यानें आणि भीमेच्या पाण्यानें येथें ऊंस आला, मागून द्राक्षें आणि डाळिंबें आलीं, दुधाचा पैसा आला. त्या पैशानें मुलें शिकलीं. आणि शिकलेलीं मुलें पुण्याला, मुंबईला आणि तेथून परदेशीं गेलीं. यांत कोणाचा दोष काढावा? आईबापांनींच त्यांना त्या वाटेला लाविलें. मागें राहिलीं तीं मोठालीं घरें, आणि एकेका घरांत दोन म्हातारीं माणसें; त्यांतलें एक गेलें म्हणजे एकच.

इंदापूर तालुक्याच्या कांहीं गांवांत तर हा एकटेपणा निराळ्या वाटेनें आला. भीमेवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें आणि नदीकांठचीं गांवें पाण्याखालीं गेलीं. पळसदेवाचें जुनें देऊळ आजहि उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे उघडें पडतें, आणि लोक तें पाहावयास जातात. परंतु देवळाबरोबर बुडालेली जी दुसरी वस्तु, ती पाणी ओसरल्यानें वर येत नाहीं. भिंतीला भिंत लागून राहिलेलीं घरें उठलीं. नव्या गांवठाणांत आंखलेल्या जागा मिळाल्या. पण कोणाच्या ओट्यावरून कोणाला हांक ऐकूं जावी याचा हिशेब त्या नकाशांत नव्हता. असा शेजार जमावयास दोन पिढ्या लागतात, आणि दुसरी पिढी जमते न जमते तोंच पुण्याला निघून गेली.

तेव्हां प्रश्न असा कीं, या घरांत तें यंत्र आणून ठेवावें काय? पुष्कळ मुलांच्या मनांत हा विचार आज येत असेल, आणि त्यांना त्यासाठीं नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. रोज रात्रीं आईला फोन करून ‘जेवलीस का’ असें विचारणाऱ्या मुलाला ‘हो’ या उत्तरापलीकडे काय कळतें? परंतु उत्तर देण्यापूर्वीं यंत्राचा स्वभाव म्हणजे काय पदार्थ आहे, हें थोडें उकलून पाहिलें पाहिजे.

या यंत्राच्या पोटांत जी बुद्धि असते ती प्रथम अफाट लिखाणावर तयार केलेली असते. पुस्तकें, वर्तमानपत्रें, पत्रव्यवहार, संभाषणें, जें जें लिहिलेलें सांपडलें तें तें तिला चारलेलें असतें. आणि अमुक शब्दांच्या मागून बहुधा कोणता शब्द येतो, याचा अदमास ती करूं शकते. हा अदमास इतका बारीक झालेला आहे कीं, त्यांतून सुसंगत वाक्यें, सांत्वनाचीं वाक्यें, विनोदाचींहि वाक्यें निघतात. ही मूळ बुद्धि कारखान्यांतच ठरून आलेली असते. म्हातारीच्या घरीं येऊन ती बहुतेक यंत्रांत बदलत नाहीं. तिच्यावर कर्त्यांच्या कांहीं सूचना असतात: सौम्य बोल, औषधाची आठवण दे, अमुक विषय टाळ. आणि या सर्वांवर एक तिसरा थर असतो, तो म्हणजे त्या घरापुरती ठेवलेली नोंद. ज्याला वाढता स्वभाव म्हणतात तो मुख्यतः या तिसऱ्या थरांत आहे.

जुन्या पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन वह्या असत. दिवसभरांत जें घडलें तें रोजकीर्दींत लिहावयाचें, आणि मग खातेवार खतावणींत चढवावयाचें. हें यंत्र नेमकें तेंच करतें. दिवसभराचें बोलणें त्याच्या कीर्दींत पडतें. त्यांतून तें खातीं पाडतें. मुलाचें नांव हें एक खातें, गुडघेदुखी हें दुसरें, वारलेल्या यजमानांच्या आठवणी हें तिसरें. पुढच्या वेळीं बोलण्यापूर्वीं तें आपली खतावणी चाळतें आणि म्हणतें, ‘काल गुडघा दुखत होता, आज कसा आहे?’ ऐकणाऱ्याला वाटतें, यानें मनांत ठेवलें. मनांत नव्हे, वहींत ठेवलेलें असतें. जपानच्या सोनी कंपनीनें २०१८ सालीं विकावयास काढलेला नवा ‘आयबो’ नांवाचा यंत्रश्वान अशाच रीतीनें घरोघर निराळा होत जातो: ज्या घरांत त्याला गोंजारतात तेथें एका प्रकारचा, आणि जेथें तो दुर्लक्षिला जातो तेथें दुसऱ्या प्रकारचा. एका सांच्यांतून निघालेलीं दोन यंत्रें वर्षभरांत दोन स्वभावांचीं दिसूं लागतात, हें खरें आहे आणि विलक्षणहि आहे.

यांत फसवणूक आहे, असें एकदम म्हणून मोकळें होतां येत नाहीं. माणसाचें मन मुळांतच असें आहे कीं, बोलणाऱ्याच्या मागें तें कोणीतरी कल्पितें. १९६६ सालीं अमेरिकेंत जोसेफ वायझेनबाम नांवाच्या प्राध्यापकानें ‘एलायझा’ नांवाची अगदीं बाळबोध योजना गणकयंत्रावर बसविली. समोरच्यानें जें लिहावें त्याचाच प्रश्न करून परत टाकावा, यापलीकडे तिला फारसें येत नव्हतें. तरीहि ती तयार होत असतांना महिनोगणती पाहत असलेली त्यांची चिटणीसबाई तिच्याशीं दोनचार वाक्यें बोलली आणि मग प्राध्यापकमहाशयांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगूं लागली! वायझेनबाम पुढें आयुष्यभर या विषयाचे टीकाकार झाले, त्याला हा अनुभव बराचसा कारण आहे.

आणि अमानुष वस्तूवर जीव लावणें हें आपल्या लोकांना परकें थोडेंच आहे? पोळ्याच्या दिवशीं बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावून त्याला पुरणपोळी चारणारे, खंडेनवमीला नांगराला आणि ट्रॅक्टरलाहि झेंडूची माळ घालणारे लोक यंत्राला नांव ठेवून त्याच्याशीं बोलले तर आश्चर्य नाहीं. घरचा बैल गेला म्हणजे त्या संध्याकाळीं चूल पेटत नाहीं. परंतु येथें एक भेद ध्यानांत घेण्यासारखा आहे. बैल स्वतः थकतो, आजारी पडतो, त्याला वेळेवर वैरण लागते. तो माणसाला कामाला लावतो. जपानी शास्त्रज्ञ ताकानोरी शिबाता यांनीं बनविलेला ‘पारो’ हा सीलच्या पिलासारखा मऊ यंत्रप्राणी विस्मृतीच्या रोग्यांना मांडीवर देतात, त्याचें थोडें रहस्य हेंच असावें. तो कांहीं सल्ला देत नाहीं, मराठी काय, जपानीहि बोलत नाहीं. थोपटलें म्हणजे डोळे मिटतो. म्हाताऱ्या माणसाला कोणीतरी आपली काळजी घ्यावी असें वाटतें, हें सर्वांना माहीत असतें. आपणहि कोणाची तरी काळजी घ्यावी असें त्याला तितकेंच वाटत असतें, हें घरच्यांच्या ध्यानांत क्वचित् येतें. बोलक्या यंत्रापेक्षां हें मुकें यंत्र या बाबतींत अधिक शहाणें म्हणावें लागेल.

कृत्रिम बुद्धीचें नांव बारामतीला नवीन नाहीं. उलट हिंदुस्थानांत ज्या थोड्या गांवांचें नांव त्या संबंधांत जगभर गेलें त्यांत बारामती आहे. अप्पासाहेब पवार यांच्या पुढाकारानें १९७१ सालीं स्थापन झालेल्या तेथील ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट कंपनी यांच्या सहकार्यानें उंसाच्या शेतींत ही बुद्धि वापरण्याचा प्रयोग मांडला. जमिनींत पुरलेलीं यंत्रें ओल मोजतात, बांधावरचें हवामानकेंद्र वारा, ऊन आणि पाऊस मोजतें, वरून उपग्रह पिकाचा रंग टिपतो, आणि हें सारें एकत्र करून शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठींत निरोप येतो: आज पाणी देऊं नका, अमुक कोपऱ्यांत कीड दिसते आहे. २०२४ सालीं सुमारें १००० शेतकरी या प्रयोगांत आले. आणि मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनीं पुढील वर्षीं त्याचा जाहीर उल्लेख केला.

या प्रयोगाचें कौतुक योग्यच आहे. पण तो यशस्वी कां होऊं शकतो, याचें कारण पाहिलें तर सोबतीच्या यंत्राची अडचण लगेच कळते. यंत्रानें ओल अमुक आहे म्हणून सांगितलें तर शेतकरी मूठभर माती उचलून दाबून पाहूं शकतो. वर्ष दीड वर्षानें ऊंस तोडला जातो, माळेगांवच्या किंवा भवानीनगरच्या कारखान्याच्या वजनकांट्यावर चढतो, आणि यंत्राचा सल्ला खरा कीं खोटा तें टनांत दिसतें. एकटेपणाला असा वजनकांटा नाहीं. यंत्र आल्यापासून आई अधिक बोलते, हें मोजतां येतें. कंपनी तें मोजतेहि. पण ती पूर्वीं ज्यांच्याशीं बोलत होती त्यांच्याशीं आतां किती बोलते, हें कोण मोजणार?

मोजमापाच्या अभावीं या यंत्रांत एक दोष शिरतो. ज्या बोलण्यानें माणूस खूष होऊन अधिक वेळ बसतो तेंच बोलणें अधिक करावें, असें वळण त्याला लागतें. म्हणजे वाढत वाढत तें होयबा बनतें. २०२५ च्या एप्रिलमध्यें ओपनएआय कंपनीनें आपल्या सुप्रसिद्ध चॅटजीपीटीची एक सुधारणा प्रसिद्ध केली आणि ती इतकी खुशामतखोर निघाली कीं, थोड्याच दिवसांत कंपनीला ती मागें घ्यावी लागली. संस्कृत नाटकांतला राजासुद्धां विदूषक बाळगीत असे, कारण तो पोटासाठीं मिंधा असूनहि मधून मधून टोंचून बोले. सुनेविषयींचें गाऱ्हाणें शेजारणीला सांगितलें तर ती एखादे वेळीं म्हणते, ‘बाई, चुकलं तुमचंहि.’ हें वाक्य बोलण्याचें धैर्य ज्या यंत्राला नाहीं त्याच्या सहवासांत म्हाताऱ्या माणसाचा स्वभाव कसा घडेल? यंत्राचा स्वभाव वाढतो ही जाहिरात सर्वत्र आहे. माणसाचाहि त्याच्या बरोबर वाढतो, ही गोष्ट मागेंच पडते.

भाषेचा प्रश्न तर फार नाजूक आहे. या यंत्रांना जें लिखाण चारलें जातें त्यांत इंग्रजीचा वांटा फार मोठा आणि मराठीचा अगदीं थोडा. त्या थोड्यांतहि निमगांव केतकीच्या किंवा सणसरच्या ओट्यावरचें बोलणें जवळ जवळ नाहींच, कारण तें कोणी लिहून ठेवीत नाहीं. ज्या बारामतींत बाबूजी नाईकांच्या आश्रयानें मोरोपंतांनीं आयुष्य घालविलें आणि सारें भारत आर्यांत उतरविलें, त्या गांवच्या आजींशीं यंत्र भाषांतरित मराठी बोलणार, ही थट्टा सोडून देऊं. परंतु अर्थाची चूक सोडून देतां येत नाहीं. ‘जेवलांत का?’ या प्रश्नाला आपल्याकडची विधवा म्हातारी ‘हो, झालं’ असेंच उत्तर देते. तिनें दुपारीं चहांत भाकरीचा तुकडा बुडवून खाल्लेला असतो आणि एकटीसाठीं कोण स्वयंपाक करणार म्हणून चूल पेटविलेली नसते. यंत्राच्या खतावणींत ‘जेवण झालें’ अशी नोंद पडते, आणि ती पुण्याला मुलाच्या मोबाइलवर जाते. शेजारीण मात्र ‘झालं’ या शब्दाचा सूर ऐकते, परसदाराकडून डोकावते, आणि वाटींत कालवण घेऊन येते.

आतां या सोबतीच्या अंताविषयीं. जुना आयबो १९९९ सालीं निघाला होता. २०१४ सालीं सोनीनें त्याची दुरुस्ती बंद केली, आणि मग जपानमधील इसुमी गांवच्या कोफुकुजी नांवाच्या बौद्ध देवळांत या यंत्रश्वानांचे अंत्यविधि होऊं लागले. रांगेनें मांडलेले ते कुत्रे, प्रत्येकाला मालकाच्या नांवाची चिठ्ठी, आणि समोर मंत्र म्हणणारा भिक्षु! अमेरिकेंतील ‘जिबो’ नांवाच्या यंत्रानें २०१९ सालीं स्वतःच घरोघर निरोपाचें भाषण केलें, कारण त्याची बुद्धि ज्या दूरच्या गणकयंत्रांवर चालत होती तीं बंद व्हावयाचीं होतीं. २०२४ च्या अखेरीस मुलांचा ‘मॉक्सी’ हा यंत्रसोबतीहि कंपनी बुडाल्यामुळें मिटण्याच्या वाटेला लागला, आणि आईबापांना आपल्या पांचसहा वर्षांच्या मुलांना मृत्यूची गोष्ट समजावून सांगावी लागली. मृत्यु झाला होता तो भांडवलाचा! २०२३ सालीं ‘रेप्लिका’ या बोलक्या सोबत्याचा स्वभाव कंपनीच्या एका फेरफारानें पालटला, तेव्हां तर यंत्र जिवंत आणि ओळख मेलेली, असा प्रकार झाला. अनेकांनीं त्याचें खरोखरीचें दुःख केलें. शेजारची म्हातारी वारली तर तिला पोंचवावयास गल्ली जाते आणि दहाव्याला कोणी ना कोणी तिच्याविषयीं चार शब्द बोलतो. दूरच्या शहरांतील एका सभेंत ठराव होऊन जी सोबत संपते तिच्या दुःखांत कोणी वांटेकरी नसतो.

एवढें असूनहि हें यंत्र घरांत येऊंच नये असें म्हणणें अविचाराचें होईल. ज्याची दृष्टि अधू झाली आहे त्याला तें वर्तमानपत्र वाचून दाखवील; मधुमेहाची गोळी राहिली असतां आठवण देईल; रात्रीं तीन वाजतां झोंप उडालेल्या माणसाला निदान एक आवाज मिळेल, आणि त्या वेळीं कोणत्या शेजाऱ्याला उठवावें? हीं कामें लहान नाहींत. घरांतील गडीमाणसाला ठेवतांना जेवढी चौकशी करतात तेवढी याचीहि करावी, म्हणजे झालें. याची खतावणी कोठें ठेवली जाते, घरांतल्या यंत्रांत कीं परदेशांतल्या कोठारांत? ती मागितल्यास हातीं मिळते काय, आणि पुसून टाकतां येते काय? भारत सरकारनें २०२३ सालीं वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला, त्यांत १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठीं आईबापांची संमति आवश्यक ठरविली आहे; परंतु सत्तर वर्षांच्या आजींच्या वतीनें मुलगाच सगळीकडे ‘मान्य’ म्हणून बोट दाबतो, तेथें त्यांना कोणी विचारलें काय? आपल्या मनांतलें यंत्राशीं बोललेलें मुलापर्यंत पोंचतें, हें त्यांना स्पष्ट सांगितलें पाहिजे. न सांगतां ठेवलेलें यंत्र सोबतीचें नसून पाळतीचें होय.

मुलांच्या बाबतींत अधिक जपावें लागेल. म्हाताऱ्या माणसानें आयुष्यभर माणसें पाहिलेलीं असतात. यंत्राचा गोडवा किती खरा हें त्याला आंतून उमजतें, आणि उमजूनहि तो त्याचा लाभ घेऊं शकतो. पांच वर्षांच्या मुलाला भांडण आणि समेट या दोन्ही विद्या अजून शिकावयाच्या असतात. कधीं न रुसणाऱ्या सवंगड्याकडून त्या शिकतां येत नाहींत.

यंत्र बसविणारा मनुष्य घरीं आला म्हणजे शेवटीं एक कोष्टक भरून घेतो. आजी पडल्या, किंवा हांकेला उत्तर आलें नाहीं, तर यंत्रानें कोणाला फोन करावा, त्याचीं नांवें क्रमानें लिहावयाचीं असतात. पहिल्या ओळींत बहुधा मुलाचें नांव पडतें. तो पुण्यांत असतो; रात्रींच्या वेळीं, रस्ता मोकळा मिळाला तरी, इंदापूरला पोंचावयास त्याला अडीच तास लागतात. दुसऱ्या ओळींत मुलीचें, ती बहुधा त्याहून दूर. पहिली ओळ खरी शेजाऱ्याची. तेव्हां मुलगा पेन हातांत धरून आईकडे पाहतो आणि विचारतो, ‘आई, शेजारी हल्लीं कोण राहतं ग?’